दगडाबाईच्या नावाची नोंदणी

झरीत मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत शिवकन्याचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कपाट, भिंतीला आरसा आणि आरशाच्या कडेला टोचून ठेवलेल्या टाचण्या. पंधरा वर्षं मी ब्लाऊज तिच्याकडूनच शिवून घेते. त्यामुळे ही हकीकत मला तिच्याच तोंडून कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. कधी माप देताना, कधी हुक लावून होईपर्यंत बसले असताना. सांगताना ती स्वतःलाही सोडत नाही.

शिवकन्या चव्वेचाळीस वर्षांची. बोलणं कमी, कारण तोंडात बहुतेक वेळा टाचण्या असतात. तिचा हात असा की ब्लाऊज अंगात घातला की तो घातलाय हे विसरायला होतं. परभणीच्या बायका शहरातले टेलर सोडून तिच्याकडे झरीला येतात. नवरा परमेश्वर शेती बघतो, मुलगी अपेक्षा परभणीला कॉलेजात, आणि घरात सासू दगडाबाई. सगळं बरं चाललेलं. एक गोष्ट सोडली तर.

ती गोष्ट म्हणजे मनिषा.

बावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, शिवकन्या रोज बसनं परभणीला शिवणाच्या क्लासला जायची. महादेवीबाई म्हणून एक बाई घरीच शिकवायच्या. मनिषा देवगाव फाट्याची, मामाकडे राहून त्याच क्लासला यायची. महादेवीबाई कुणाचा ब्लाऊज हातात घेतला की म्हणायच्या, "शिवकन्याचा मुंढा बघा आन् मंग तुमचा बघा." मुंढा म्हणजे बाही जोडायचा काखेचा गोलवा. मनिषाची बाही तिथं, खांद्यावर, दरवेळी चुण्या घ्यायची. दुपारी व्हरांड्यात बसून शिवकन्या तिची शिवण उसवायची आणि परत घालून द्यायची. तेव्हा तिला मनिषा फार आवडायची, असं ती सांगते. आपल्यापेक्षा कमी येणारी माणसं आवडायला सोपी जातात, हे मात्र मी म्हणते.

पुढं मनिषानं फाट्यावर दुकान टाकलं. मग पुण्यात काम करणाऱ्या भावानं तिला वेबसाईट काढून दिली. नाव 'टाकाटीप'. शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तिथं यायचं, प्रश्न विचारायचे, फोटो टाकायचे, एकमेकींना सांगायचं. चार वर्षांत चार हजार बायका झाल्या. नागपूरच्या, सोलापूरच्या, दुबईतली एक. सगळ्या मनिषाला मनिषाताई म्हणायच्या.

अपेक्षानं एका सुट्टीत आईच्या फोनवर ती वेबसाईट उघडून दिली. "आई, ही तुझी क्लासमधली मैत्रीण ना? बघ किती मोठी झाली."

शिवकन्या "हां" म्हणाली आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, जेवणं आवरल्यावर, तिनं तो परत सरळ केला.

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते तीन मशीन बंद असायचं. वेबसाईट कुणालाही उघडी होती. नाव सांगायचं नाही, नंबर द्यायचा नाही. खाली एक ओळ असायची: आत्ता वाचणारे सभासद नऊ, पाहुणे त्रेपन्न. "त्या त्रेपन्नात एक मी," शिवकन्या मला म्हणाली. "कुणाला ठावं न्हाई, कुणाला पत्ता न्हाई. दारातून डोकावायचं आन् निघून यायचं."

ती चुका शोधायला वाचायची. मनिषानं गळ्याची पट्टी तिरकी कापली नाही, हे तिला फोटोतल्या सुरकुतीवरून कळायचं. अस्तर न भिजवता लावलंय, हेही कळायचं. पण खाली बायका लिहायच्या, 'ताई, तुमच्यामुळे जमलं.' कुठल्या लेखाखाली अशी किती उत्तरं आली, हे शिवकन्याला पाठ असायचं. साठाच्या वर गेली की त्या दिवशी तिला संध्याकाळचं जेवण जायचं नाही. परमेश्वर विचारायचा, "डोकं दुखायलंय का?" ती हो म्हणायची.

त्यातच एका नवरीची आई दुकानात आली आणि मोबाईलमधला फोटो पुढं धरला. बाही मनिषानं शिवलेली. "अशी जमंल का तुमाला?" त्या बाईनं साधं विचारलं होतं. शिवकन्यानं ती बाही जमवली, चांगलीच जमवली, पण त्या बाईच्या पुढच्या दोन ब्लाऊजना तिनं मुद्दाम उशीर लावला.

मग आला ओल्या दोऱ्याचा लेख. मुंढ्याचा गोलवा टेपनं नीट मोजता येत नाही, टेप वळत नाही. त्यासाठी दोरा भिजवून कापडावर गोलाव्यात चिकटवायचा, उचलून सरळ करायचा आणि मोजायचा. बाहीचा गोलवा त्याहून बोटभर जास्त ठेवला की चुणी पडत नाही. ही युक्ती महादेवीबाईंच्या व्हरांड्यात शिवकन्यानंच मनिषाला दाखवली होती. मनिषाच्या लेखात तिचं नाव नव्हतं. मथळा होता, 'माझी ओल्या दोऱ्याची युक्ती'. खाली दोनशे उत्तरं.

शिवकन्यानं त्या दिवशी मशीनची सुई दोनदा मोडली.

पंधरवड्यानं, एका सोमवारी दोन वाजता तिनं फोन उघडला तर चार ओळींनंतर लेख पुसट झालेला आणि त्यावर पाटी: 'पाहुण्यांना इथपर्यंतच दिसेल. पुढे वाचण्यासाठी नोंदणी करा. नोंदणी मोफत आहे. कृपया खरं नाव लिहा.' खाली मनिषाताईंचं नाव.

भर दुपारी कुणीतरी दार लावून घ्यावं तसं तिला झालं. आणि राग कुणावर काढायचा? दार मनिषाचं, घर मनिषाचं. नोंदणी करायची म्हणजे शिवकन्या, मुक्काम झरी, असं लिहायचं. मग मनिषा ते वाचणार, हसणार, 'आली' म्हणणार. त्यापेक्षा न वाचलेलं बरं.

अकरा दिवस ती न वाचता राहिली. म्हणजे मथळा आणि चार ओळी वाचायची. 'बोटनेक खांद्यावरून सरकू नये म्हणून मी काय करते' असा मथळा, चार ओळी, आणि पुढं धुकं. मनिषानं काय लिहिलं असेल याचा अंदाज करत ती कातरणीतल्या तुकड्यांवर गळे शिवून बघायची. तीन प्रकारे शिवले. तिन्ही चांगले आले, पण मनिषाचा कुठला हे कळेना.

बाराव्या दिवशी मथळा आला: 'माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक'.

हे मात्र तिला सोसलं नाही.

तिनं फॉर्म उघडला. नाव विचारलं होतं, गाव विचारलं होतं, मोबाईल नंबर आणि स्वतःबद्दल दोन ओळी. तिचा नंबर मनिषाकडे होता. समोर खाटेवर दगडाबाई डुलकी काढत होत्या आणि उशाला त्यांचा बटणांचा फोन होता, लेकीशी बोलायला घेतलेला. शिवकन्यानं लिहिलं: दगडाबाई. गाव येलदरी. 'वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर शिवलं, आता डोळे साथ देत नाहीत. वाचायला आवडतं.' आणि सासूचा नंबर टाकला.

फोन वाजला तशा दगडाबाई जाग्या झाल्या. "काय आलंय गं त्यात?"

"काही न्हाई आत्याबाई, कंपनीचा मेसेज आलाय." तिनं आकडे बघून घेतले आणि फोन परत उशाला ठेवला.

संध्याकाळी मनिषाचं उत्तर आलं. 'आजी, तुमचं स्वागत. या वयात तुम्ही इथं आलात, मला भरून आलं.' शिवकन्यानं ते वाचलं न वाचल्यासारखं केलं आणि थेट त्या 'सगळ्यात मोठी चूक'च्या लेखावर गेली. चूक अशी होती, की लग्नाच्या आदल्या दिवशी मनिषानं नवरीची बाही चार बोटं आखूड कापली होती. मग साडीचा काठ जोडून वेळ निभावली आणि नवरीला तीच बाही आवडली. खाली एकशे बारा बायकांनी लिहिलं होतं, 'ताई, चूक कबूल करायला मन मोठं लागतं.'

"चुकीचं बी कौतुक," शिवकन्या मला म्हणाली. "म्या जन्मात बाही आखूड कापली न्हाई. त्याचं कुणाला काय?"

ती नुसतं वाचायलाच गेली होती. पण आत आल्यावर बोलायला जागा असते, आणि ती मोकळी बघवत नाही. ओल्या दोऱ्याच्या लेखाखाली जालन्याच्या कुणी विचारलं होतं की उन्हाळ्यात दोरा मोजायच्या आतच वाळतो, काय करू? मनिषानं सांगितलं होतं, जास्त पाणी घ्या. शिवकन्याला राहवेना. दगडाबाईच्या नावानं तिनं लिहिलं: 'पाण्यात नको. भाताच्या पातळ पेजेत बुडवा आणि कापडाच्या उलट्या बाजूला लावा. वाळला तरी गोलवा सोडत नाही. आणि मुंढ्याला कात्री एकदाच लावायची, दोनदा लावली की तो आपला राहत नाही.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऐंशी उत्तरं आली होती. मनिषानं लिहिलं होतं, 'याला म्हणतात हात. आजी, तुम्ही आमच्यात आहात हे आमचं नशीब.'

त्या दिवशी शिवकन्या दोन भाकरी जेवली.

पुढचे चार महिने दगडाबाईचे होते. बायका प्रश्न विचारायच्या ते मनिषाला नाही, आजींना. आजींना कटोरी ब्लाऊजचं विचारा, आजींना रेशमाचं विचारा. शिवकन्या दुपारी दोनला बसायची ती चार वाजेपर्यंत लिहायची. मनिषाच्या लेखांना आता पहिल्याइतकी उत्तरं येत नव्हती, हेही ती मोजत होती. तिला वाटलं, आपलं पोट भरलं.

मग एक दिवस परभणीची एक गिऱ्हाईक आली, राहुरकर मास्तरांची सून. ब्लाऊज घालून बघताना म्हणाली, "छान झालाय. पण काखेतलं अस्तर त्या येलदरीच्या दगडाबाई सांगतात तसं लावा ना. तुम्ही वाचता का त्यांचं? वाचत जा. शिकण्यासारखं आहे."

शिवकन्या टाचणी लावत होती, ती तिनं स्वतःच्या बोटात घातली.

"ते म्याच लिवलं होतं," ती मला सांगत होती. "पर मला कुटं सांगता येतंय? ती माझ्या दुकानात हुबी राहून मलाच सांगायली, शिका म्हणून." त्या दिवसापासून तिला दगडाबाईच्या नावाचा हेवा वाटायला लागला. म्हणजे फोनमधल्या दगडाबाईचा. तिच्या उत्तरांखाली 'आजी, पाया पडते' असं वाचलं की पहिल्यासारखं बरं वाटायचं नाही. आणि खरी दगडाबाई खाटेवर सुपारी कातरत बसलेली असायची, तिच्याकडे बघून शिवकन्याला उगाच चिडायला व्हायचं. चहात साखर कमी पडायची.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी शिवकन्या गिरणीतून दळण घेऊन आली तर दगडाबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या.

"एक फोन आला होता," त्या म्हणाल्या. "कुणी मनिषा. म्हणली, दगडाबाई आजी का? म्या म्हणलं, हां, मीच. म्हणली, आमाला तुमचा सत्कार करायचाय, येलदरीला कुटं यायचं? म्या म्हणलं, येलदरीला लेक दिलीय माही, मी झरीला असते. देवळापासी कुणाला बी इचारा. गुरुवारी यायल्यात."

शिवकन्यानं दळणाचा डबा खाली ठेवला.

"आता माह्या नावानं काय केलंस ते सांग," दगडाबाई म्हणाल्या.

तिनं सगळं सांगितलं. पाटी, फॉर्म, उशाचा फोन, पेज, सगळं. दगडाबाई ऐकत राहिल्या. मधे फक्त एकदा विचारलं, "ऐंशी बायका?"

"आत्याबाई, तुमी त्यांना फोन करा. बरं न्हाई म्हणा, गावाला जायलेय म्हणा."

"कामून?"

"कामून म्हंजे? समदं उघडं पडंल."

दगडाबाईंनी अडकित्ता बाजूला ठेवला. "अठ्ठ्याहत्तर वर्सं झाली. माह्या अंगावर कुणी शाल टाकली न्हाई. तू नाव घालताना मला इचारलं न्हाईस, आता शाल घ्यायला मी तुला इचारत न्हाई."

गुरुवारी सकाळी अकराला देवळाजवळ गाडी थांबली. मनिषा आणि तिच्याबरोबर सेलूच्या दोन बायका, हातात हार, शाल, नारळ. शिवकन्या आत चुलीपाशी होती. पळून जावं असं तिच्या मनात आलं होतं, पण मागच्या दारी परमेश्वरानं तुरीच्या काड्या रचून ठेवल्या होत्या. पाण्याचा तांब्या घेऊन तिला बाहेर यावंच लागलं.

मनिषा तिच्याकडे बघतच राहिली. "शिवकन्या? हे तुझं घर?"

शिवकन्या काही बोलायच्या आत दगडाबाईच म्हणाल्या, "ही माही सून. मला कुटं लिवता येतंय? माझं समदं लिवायचं काम हीच करती."

लिहायचं काम. शिवकन्यानं तांब्या जरा जोरातच पुढं केला आणि पाणी मनिषाच्या चपलेवर सांडलं.

शाल घातली, हार घातला, फोटो काढले. दगडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अशा बसल्या की जन्मभर त्यांना कुणी ना कुणी हार घालतच आलंय. मग मनिषानं विचारलं, "आजी, ती पेजेतली युक्ती तुम्हाला कुणी सांगितली?"

शिवकन्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता होऊ दे एकदाचं, असं तिला वाटलं.

दगडाबाई उठल्या, कोपऱ्यातल्या पेटीतून एक जुनी लहानशी वाकळ काढली. तान्ह्या बाळाच्या झोळीत टाकायची गोधडी, चारी कोपरे गोल केलेली. "कोपरा गोल केला की कडंची पट्टी कमी पडती," त्या म्हणाल्या. "टेप तवा कुटं व्हता घरात. दोरा पेजंत बुडवून कोपऱ्याला लावायचा आन् तेवढी पट्टी कापायची. माह्या आईनं दावलेलं. ही लग्न होऊन आली, पोटुशी राहिली, तवा ही वाकळ आमी दोघींनी शिवली. हिलाच धरायला लावला व्हता दोरा."

शिवकन्याला आठवलं. लगेच नाही, पण वाकळीच्या कडेचं हिरवं कापड बघितलं आणि आठवलं. ते तिच्याच लग्नातल्या खणाचं होतं. अंगणात बसून तिनं दोऱ्याचं एक टोक धरलं होतं आणि सासू म्हणत होती, घट्ट नको धरू. ते पोर राहिलं नाही. त्यानंतर तिचा वेळ जावा, घरात नुसतं बसून राहू नये, म्हणून दगडाबाईंनीच तिला क्लासला घातलं होतं. ती वाकळ पेटीत गेली आणि दोरा मात्र तिच्या हातात राहिला. कुणाचा ते ती विसरून गेली होती. मनिषाला दाखवताना ती म्हणाली होती, "मला सुचलंय बघ."

चहा करायला ती आत गेली तर मागोमाग मनिषा आली.

"लिहिलेलं सगळं तुझं ना?" मनिषा हळू म्हणाली. "कात्री एकदाच लावायची, हे महादेवीबाईंकडे तू रोज म्हणायचीस. मला वाटलंच होतं. मग फोनवर आजींचा आवाज ऐकला, म्हटलं चुकलं आपलं."

शिवकन्या चहाकडे बघत म्हणाली, "ओल्या दोऱ्याला तू माहं नाव घातलं न्हाईस."

"खरं सांगू?" मनिषा म्हणाली. " तू दाखवलेलं मी विसरूनच गेले होते. इतकी वर्षं वापरला, मला तो माझाच वाटायला लागला."

बाहेर वाकळ अजून खाटेवर पसरलेली दिसत होती.

"तू दार कामून लावलंस पण?" तिनं वेगळंच विचारलं. "आधी समद्यांना वाचता येत व्हतं की."

"रोज तीनशे जणी वाचून जायच्या आणि सहा जणी बोलायच्या," मनिषा म्हणाली. "मी दुकान सांभाळून लिहायचे. बाकीच्या काय करत असतील, असं सारखं मनात यायचं. वाटायचं, काही जणी नुसत्या चुका काढायला येत असतील. वाटलं, निदान नाव तरी कळू दे कोण कोण आहे ते."

चहा उतू गेला. शिवकन्यानं तो फडक्यानं उतरवला, गाळला, आणि कपांत ओतताना सांगितलं, "मी यायचे. रोज दोन वाजता. चुका काढायलाच यायचे."

मनिषा हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही. "सापडल्या का?" तिनं विचारलं.

"गळ्याची पट्टी तू तिरकी कापत न्हाईस."

"माहीत आहे मला. कापड वाचतं म्हणून," मनिषा म्हणाली आणि दोन कप उचलून बाहेर गेली.

त्या आठवड्यात टाकाटीपवर लेख आला. मनिषानं काही लपवलं नाही. ओला दोरा आजींचा, आजींच्या आईचा. आपल्याला तो शिवकन्याकडून मिळाला. आजींच्या नावानं लिहिते तीही शिवकन्याच, असं सगळं लिहिलं. बरोबर शाल पांघरलेल्या दगडाबाईंचा मोठा फोटो. कडेला चौकटीशी उभी शिवकन्या अर्धी आली होती, एक खांदा आणि तांब्या धरलेला हात. बायकांना खोट्या नावाचा राग येईल म्हणून ती दोन दिवस फोन उघडेना. उघडला तेव्हा साडेतीनशे उत्तरं होती आणि त्यातली तीनशे तरी 'आजी, वाकळीचा अजून एक फोटो टाका' अशी होती.

मग तिनं स्वतःच्या नावानं नोंदणी केली. शिवकन्या, झरी, बावीस वर्षं शिवणकाम. मनिषानं पाच मिनिटांत आत घेतलं. बोटनेकवर तिनं पहिला लेख लिहिला, ते तिन्ही गळे शिवलेले फोटो टाकून. इतका चांगला लेख त्या वेबसाईटवर दुसरा नाही, मी वाचलाय. त्याला चौदा उत्तरं आली.

दगडाबाईंचं नाव काढून टाकू का, असं मनिषानं विचारलं होतं. दगडाबाईंनी राहू द्या म्हणून सांगितलं. आता दुपारी दोन वाजता शिवकन्या प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवते, दगडाबाई खाटेवरून उत्तर सांगतात आणि ती लिहिते. सगळे प्रश्न वाकळीचेच असतात. ब्लाऊजचा आला की दगडाबाई म्हणतात, "ते हिला इचारा," आणि शिवकन्या स्वतःच्या नावात जाऊन उत्तर देते.

मागच्या आठवड्यात मी ब्लाऊज आणायला गेले तेव्हा दोघींचं वाजलं होतं. गंगाखेडच्या कुणी विचारलं होतं, वाकळीला जुन्या सुती साड्या घ्याव्यात की नव्या. दगडाबाईंनी जुन्या सांगितल्या. शिवकन्यानं तसं लिहिलं आणि खाली स्वतःच्या नावानं लिहिलं, की आतला थर नवा असावा, टिकतो. मनिषानं उत्तर दिलं, 'आजी म्हणतात तेच बरोबर.'

"म्हंजे माझंच चुकलं," शिवकन्या तोंडातली टाचणी काढून मला म्हणाली. "आत्याबाईंना सांगितलं तर म्हणत्यात, बघ. नुसतं बघ म्हणल्या. इतका राग आला म्हणून सांगू."

आतून दगडाबाईंचा फोन वाजला. कुणीतरी पैठणहून बोलत होतं, आणि दगडाबाई अंमळ मोठ्या आवाजात सांगत होत्या की हां, मीच. शिवकन्यानं माझ्या पाठीची शेवटची टाचणी काढली आणि हात वर करायला सांगितला. मुंढा नेहमीसारखाच बसला होता, एकही चुणी नव्हती. मी तसं म्हणाले. ती आतल्या खोलीकडे कान लावून होती, तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.